रेडिओचं चौथं नाव

२०२२ साली मी बहात्तर वर्षांचा होतो. आधार कार्डावर सदुसष्ट आहे आणि शाळेच्या दाखल्यावर तिसरंच काहीतरी. तिघांमध्ये मी माझ्यावर विश्वास ठेवतो. कापूस वेचणीचे दिवस होते. मी रिक्षाच्या बॅटरीत पाणी भरत होतो आणि जळगावच्या रेडिओ स्टेशनातून फोन आला.

"आबा, गाडी घेऊन या. नवीन नाव आलंय."

"परत? जुन्याला काय धाड भरली?"

पोरगा हसला. म्हणाला, "आबा, वरून आलंय." त्यांच्याकडे सगळं वरूनच येतं. उद्या येतो म्हणालो आणि फोन ठेवला, पण हात बॅटरीवर चालेना. पाणी भरून सांडायला लागलं तेव्हा कळलं.

माझा धंदा दवंडीचा. एरंडोलला घर, रिक्षाच्या टपावर दोन भोंगे, आत माईक. एरंडोल, पारोळा, धरणगाव या पट्ट्यातल्या गावांत मी काय सांगितलं नाही ते विचारा. सर्कस, कुस्त्या, डोळ्यांचं शिबिर, नळाला दोन दिवस पाणी नाही, म्हैस हरवली, जयंतीची मिरवणूक, कानबाईचा भंडारा. गावातली पोरं माझा आवाज आधी ओळखतात, तोंड मागून. शाळा तिसरीपर्यंत. छापील अक्षर लावतो, पण सावकाश, आणि गाडी चालवताना कोणी सावकाश वाचत बसत नाही. म्हणून मी कागद एकदा कोणाकडून तरी वाचून घ्यायचो, खिशात घालायचो, आणि गावात गेलो की माझ्या मनाने बोलायचो. मी इतकी वर्षं टिकलो ते याच्यामुळे, आणि अडकलो तेही याच्यामुळेच.

रेडिओवाल्यांनी मला पहिल्यांदा बोलावलं तेव्हा मी अठ्ठावन्नचा असेन. स्टेशन नवीन निघत होतं. जिना चढून वर गेलो तर चपला बाहेर काढायला लावल्या, मला वाटलं आत देव्हारा आहे. आत भिंतींना गाद्या. गार हवा अशी की पोरं उन्हाळ्यात स्वेटर घालून बसलेली. साहेबाने कागद दिला. हिंदी-मराठीची भेळ होती, मस्त रहा, ऐकत रहा, असलं काहीतरी. मी विचारलं, "साहेब, ह्याच्यासाठी बाई कापसातून डोकं वर का काढेल?"

साहेब भला होता. म्हणाला, "मग कशासाठी काढेल?"

तिथे एक पोरगी होती, धुळ्याकडची. तिचा सकाळी एक तास कार्यक्रम होणार होता, आपल्या अहिराणीत. तिने दोन वाक्यं बोलून दाखवली आणि मी कागद खिशात घातला तो घातलाच.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच गावात पारापाशी गाडी उभी केली आणि म्हणालो, "आयका हो आयका! आते रेडिओ आपली भाषा मा बोली! रोज सकायले, सात वाजता. हाई दोन दिननी गंमत नही, कायमनं शे. बंद पडनं ते माले धरा!"

कायमचं आहे, बंद पडलं तर मला धरा. हे मला कोणी सांगायला लावलं नव्हतं. तोंडातून गेलं आणि लोकांना आवडलं, मग प्रत्येक गावात गेलं. अठरा गावं झाली.

कार्यक्रम खरंच चांगला होता. ती पोरगी सकाळी सकाळी लोकांना झापायची, लग्नातली जुनी गाणी म्हणायला बायांना फोनवर घ्यायची, कापसाचा भाव सांगायची, कोणाच्या घरी भरीताची पंगत आहे तेही सांगायची. बाया कमरेला मोबाईल खोचून, कानात वायर घालून वेचणीला जायच्या. मी रस्त्याने गेलो की वावरातून हात करायच्या, जणू रेडिओ मीच काढलाय. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

चार-पाच वर्षांनी पहिलं नाव गेलं. पिवळा रंग गेला, लाल आला. भोंग्याखालचा फ्लेक्स बदलला. साहेबही बदलला. नवा साहेब म्हणाला, आता आपलं स्टेशन तरुणांचं, गाणी जोरातली. मी एकच विचारलं, "सकाळचं आहे ना?" "आहे." आहे म्हणजे अर्धा तास होतं. मी गावांत गेलो, नवीन नाव सांगितलं, सकाळचं आहे म्हणून सांगितलं. एका गावच्या पानटपरीवरून आवाज आला, "आबा, रेडिओनं लगीन लागनं का? नाव बदली गयं!"

मी माईकवरूनच म्हणालो, "नाव बदलनं, माहेर तेच शे!"

सगळी टपरी हसली. तेव्हा हसण्यासारखं होतं.

तिसऱ्या नावाच्या आधी तर त्यांनी दोन दिवस रेडिओवर नुसती घड्याळाची टिकटिक लावून ठेवली. लोकांनी उत्सुकतेने वाट बघावी म्हणून. लोक माझ्या घरी आले. एक म्हातारा म्हणाला, "आबा, मशीनमा घड्याय पडनं का रे?" तिसऱ्या दिवशी निळा रंग आला आणि जुनी गाणी सुरू झाली. आता स्टेशन घरातल्या मोठ्या माणसांचं. मी विचारलं, "सकाळचं?" "आहे आबा, आहे." म्हणजे पंधरा मिनिटं, त्यातही निम्म्या जाहिराती. मी परत अठरा गावं फिरलो आणि परत तेच सांगितलं. पंधरा मिनिटं झाली हे मी सांगितलं नाही. आहे तेवढं सांगितलं. आतून मला ते टोचत होतं, पण मी स्वतःला म्हणालो, धागा तुटला नाही ना, मग झालं.

असा मी चौथ्या वेळी जळगावला गेलो.

जिना तोच. चपला आता बाहेर काढाव्या लागत नव्हत्या. आत निम्म्या खुर्च्या रिकाम्या, गाद्यांची खोली कुलूपबंद, आणि नवीन नावाचा बोर्ड जांभळा. एक तरुण बाई समोर आल्या, नीटनेटक्या, बोलायला गोड. त्यांनी मला चहा दिला आणि चहाबरोबर बोटाएवढा पेन ड्राईव्ह.

"आबा, ह्यावेळी तुम्हाला त्रास नाही. सगळं ह्यात रेकॉर्ड केलंय. तुम्ही काही बोलू नका, फक्त गाडी फिरवा."

"काहीच नाही?"

"काहीच नाही. तुमचा घसा पण वाचेल."

"माझ्या घशाची तक्रार कोणी केली?"

त्या हसल्या. मी विचारलं, "सकाळचं आहे ना?"

"ते पहिल्या तारखेपासून बंद झालं, आबा. आता धुळे काय, जळगाव काय, नाशिक काय, सगळीकडे एकच कार्यक्रम. वरून येतो."

पहिली तारीख होऊन पंधरा दिवस झाले होते. मला कळलंच नव्हतं, कारण माझा कान एका बाजूने गेलाय आणि रेडिओ मी हल्ली फारसा ऐकत नाही. मी म्हणालो, "मग हे पण भरा ना रेकॉर्डात. सकाळचं बंद झालं म्हणून."

त्या बाई माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जसं मी दुकानावर पाटी लावायला सांगितली की आमच्याकडे साखर मिळत नाही. म्हणाल्या, "बंद झालेलं कोण सांगतं, आबा?"

त्यांचा राग नव्हता, माझाही नव्हता. त्यांचं शिक्षण त्यांना तसं सांगत असेल. मी पेन ड्राईव्ह खिशात घातला. खाली दोन पोरांनी जुना निळा फ्लेक्स काढून जांभळा ताणून बांधला. एरंडोलपर्यंत तो वाऱ्याने फडफडत होता आणि मी आरशात त्याच्याकडे बघत होतो. नाव मला वाचता येईना. इंग्रजी होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. पेन ड्राईव्ह खोचला आणि माझ्या भोंग्यातून एका पोरीचा आवाज आला. खिदळत बोलणारा, मध्ये टणटण, मध्ये गाणं, परत खिदळणं. मी गाडी चालवतो आणि माझं तोंड बंद. सत्तेचाळीस वर्षांत असं झालं नव्हतं.

माझा बाप गावची दवंडी द्यायचा. डफ घेऊन, चावडीवरून जे सांगतील ते, जसं सांगतील तसं. एक शब्द इकडचा तिकडे करायची सोय नव्हती, नाही म्हणायची तर नव्हतीच. ते आमच्या समाजाच्या वाट्याला आलेलं काम होतं. मी सहा-सात वर्षांचा असताना आमच्या वस्तीने दीक्षा घेतली आणि बापाने तो डफ फोडून पाटाच्या पाण्यात टाकला. पुढे पंचविशीत मी भोंगा घेतला तेव्हा बाप चार महिने माझ्याशी बोलला नाही. परत तेच कसाले, एवढंच आईकडून विचारलं. मी सांगितलं, हे तेच नाही. कुठे जायचं ते मी ठरवतो, काय बोलायचं तेही मी ठरवतो. पटलं नाही तर गाडी काढत नाही. एका पुढाऱ्याचं पोलिसांच्या धाकावरसुद्धा सांगितलं नव्हतं. आणि त्या दिवशी मी बोटाएवढ्या डबीच्या हुकमाने गावोगाव मुका फिरत होतो.

तिसऱ्या गावात टपरीवाल्याने विचारलंच, "आबा, आवाज कोना शे? नवी करी का काय?"

मी गिअर टाकला. त्याने दुसऱ्याला सांगितलं, "आबा रुसना दखा."

पाचव्या गावाच्या वेशीला वेचणीला निघालेल्या बाया भेटल्या. त्यांच्यात एक अक्का आहे, माझ्याहून दोन-चार वर्षांनी लहान, एकटी राहते, जीभ विळ्यासारखी. तिने रस्त्याच्या मधोमध उभं राहून गाडी थांबवली. मी आवाज बारीक केला.

"भाऊ, बरं झायं तू उना," ती म्हणाली आणि कमरेचा साधा बटणांचा मोबाईल काढला. "मना रेडिओ बिघडी गया. सकायनं स्टेशन सापडत नही. बटनं दाबी दाबी बोटं झिजी गयात. वायर बदली, नवी आणी. एरंडोलले जाईसन दुकानवाला पोऱ्याले दखाडं. तो म्हणस, जुनं स्टेशन लागत नही, मोबाईलच बदल. तू त्यासना माणूस शे. कोठे गयं ते, सांग."

तिला दर वेळी बटण दाबून तेच स्टेशन लागत होतं. तेच होतं. पण नाव वेगळं, धून वेगळी, बोलणारी वेगळी, भाषा वेगळी. तिला वाटलं हे कोणतं तरी परकं आहे आणि आपलं दुसरीकडे कुठेतरी चालू आहे. ती पंधरा दिवस त्याला शोधत होती. दुकानापर्यंत जाऊन आली होती. आणि दोष देत होती स्वतःच्या मोबाईलला, स्वतःच्या बोटांना. माझ्या बोलण्यावर शंका तिला आलीच नव्हती. कायमनं शे, असं भाऊने सांगितलंय, म्हणजे असणारच.

"दखतो," मी म्हणालो. "सांगतो तुले."

"दखतो काय? तुले माहीत नही का?"

मागून ट्रॅक्टरवाला हॉर्न मारायला लागला. मी त्या हॉर्नचा फायदा घेतला आणि गाडी पुढे काढली. हे सांगताना लाज वाटते, पण काढली. भोंग्यातली पोरगी परत खिदळायला लागली. उरलेली गावं कशी केली ते आठवत नाही. दोन ठिकाणी तर मी थांबलोच नाही, तसाच जोरात निघून गेलो.

घरी येऊन त्या धुळ्याच्या पोरीला फोन लावला. तिचं आता लग्न झालंय, धुळ्यातच असते. शेवटी शेवटी घरूनच बोलून आवाज पाठवायची म्हणे. मी म्हणालो, "बाई, तू तरी सांगायचं होतंस. रेडिओवर, लोकांना."

ती म्हणाली, "आबा, शनिवारी मी आता पुढचा भाव सोमवारी सांगते म्हणून सांगितलं. तो शेवटचा कार्यक्रम होता हे मला सोमवारी कळलं."

मी अंगणात येरझाऱ्या घालायला लागलो. बायको भाकरी थापत होती. तव्यावरची भाकरी उलटवून म्हणाली, "बसा ना. पायले भिंगरी लागनी का?"

मी तिला अक्काचं सांगितलं. ती म्हणाली, "त्यासना रेडिओ, त्यासनी मर्जी. तुमनं काय जास?"

"मना शब्द जास."

"तुमना शब्द कोनी लिखी ठेवेल शे का?"

"अक्कानी ठेवेल शे."

तिला माझी उलटी दवंडी माहीत आहे, आणि तिला कळलं की मी कुठे चाललोय.

उलटी दवंडी म्हणजे काय ते सांगतो. धंद्यात नवा होतो तेव्हा एका गावच्या कुस्त्यांची दवंडी मी अकरा गावांना दिली. आदल्या दिवशी आयोजकाच्या घरी मयत झाली, कुस्त्या रद्द. मी म्हणालो, माझं काम सांगायचं होतं, सांगून झालं. दुसऱ्या दिवशी मी त्या गावात सहज गेलो तर लोक येऊन परत जात होते, आणि मोकळ्या आखाड्याच्या काठाला एक म्हातारा बसलेला. चार कोस चालत आला होता, मुलाची कुस्ती होती म्हणून. त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "तू सांगं, म्हनीसन उनू." तू सांगितलंस म्हणून आलो. त्या दिवसापासून माझा नियम. सांगितलेलं रद्द झालं तर त्याच रस्त्याने, त्याच ओळीने, त्याच जागी थांबून परत सांगायचं की ते नाही. कोणी पाठवो न पाठवो. त्याचं भाडं मागायचं नाही. सर्कशीचं केलं, सभेचं केलं, एकदा तर मोडलेल्या सामुदायिक लग्नांचं केलं आणि मार खाता खाता वाचलो. आजूबाजूचे भोंगेवाले मला ह्याच्यावरून वेडा म्हणतात. म्हणोत.

रेडिओचं नाव दोनदा बदललं तेव्हा मी हा नियम मोडला होता. तास जाऊन अर्धा तास झाला, अर्ध्याची पंधरा मिनिटं झाली, आणि मी नुसतं आहे आहे म्हणत फिरलो. ते मला त्या संध्याकाळी अंगणात फिरता फिरता कळलं. स्टेशन मला फसवत होतं म्हणता येणार नाही. मी विचारायचो तेवढंच ते सांगायचे. मी जास्त विचारत नव्हतो, कारण वावरातून बाया हात करायच्या.

मी स्टेशनातल्या त्या बाईंना फोन केला. म्हणालो, "तुमचं काम आजपासून माझ्याने होणार नाही. दुसरा बघा. पेन ड्राईव्ह एस.टी.ने पाठवतो."

"आबा, काय झालं? आवाज कमी येतोय का?"

"आवाज चांगला आहे. भोंगा माझा आहे."

त्यांना काय कळलं ते माहीत नाही. बायको मागून म्हणाली, "वय दखा, टेक दखा," आणि भाकरीवर जरा जास्तच तेल सोडलं. तिचं असं असतं. बोलायचं एक, करायचं एक.

सकाळी सूर्य निघायच्या सुमारास मी जांभळा फ्लेक्स सोडला, घडी करून सीटखाली टाकला. बॅटरी बघितली, माईक पुसला, आणि पहिल्या गावाला निघालो. पारापाशी उभा राहिलो. पहिला शब्द फुटकाच निघाला.

"आयका हो आयका! जे मी सांगं व्हतं, ते आते नही शे. रेडिओवरनं सकायनं आपली भाषानं बंद पडनं. पंधरा दिन झायात. मोबाईल बिघडना नही, वायर बिघडनी नही, कोनी दुकानमा जावू नका. माले कोनी सांगाले धाडं नही. कायमनं शे, असं मी म्हनेल व्हतं. ते खोटं निंघनं."

काही जण ऐकून आत गेले. एकाने विचारलं, आबा, मग आता काय ऐकायचं? मी म्हणालो, ते मी नाही सांगणार, मी आता रेडिओचं काहीच सांगणार नाही. टपरीवाला म्हणाला, "काल मुका, आज दोन भोंगा!" मी त्याच्याकडे बघितलं नाही. दुसरं गाव, तिसरं, चौथं, त्याच ओळीने केलं.

पाचव्या गावाला पोचलो तेव्हा बाया वेचणीला निघाल्या होत्या. मी तेच सगळं बोललो, एक शब्द कमी न करता. अक्का गर्दीतून पुढे आली आणि रिक्षाच्या दांडीला धरून उभी राहिली.

"पंधरा दिन!" ती म्हणाली. "पंधरा दिन मी बटनं दाबी ऱ्हायनू, आते सांगस? काल इचारं तधळ तोंडमा काय मूग व्हतात? गाडी पयाडी लई गया! आम्ही काय येड्या शेत का?"

तिचा आवाज एवढा मोठा कसा झाला म्हणून मी वर बघितलं. माईक माझ्या हातात तसाच चालू होता आणि तिच्या तोंडासमोर होता. दोन्ही भोंग्यांतून अक्का सगळ्या गावाला ऐकू जात होती. घराघरांतून लोक बाहेर येत होते. तिलाही ते कळलं, पण ती थांबली नाही, उलट माईकच्या आणखी जवळ सरकली आणि माझ्यापासून सुरू करून जळगावपर्यंत गेली. दुकानातला पोऱ्या, नवी वायर, वरून बोलणारी खिदळी पोरगी, कोणालाच सोडलं नाही. बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या, काही हसत नव्हत्या.

माझा अंगठा माईक बंद करायच्या बटणावर होता. मी तो काढून घेतला आणि माईक तिच्या हातात दिला. तिचं बोलून संपेपर्यंत रिक्षाला टेकून उभा राहिलो. मग तिने माईक परत केला आणि मी सहाव्या गावाकडे गाडी काढली.